खिडकीतून पाहिलेलं रामेन

डॉक्टर आत्माराम खांबेटे यांनी आयुष्यात एकदाही रामेन खाल्लं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो. लखनौच्या मराठी मंडळात ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती, आणि ठाऊक नव्हती म्हणूनच पुढचं सगळं रामायण घडलं.

मंडळात डॉक्टरांची ख्याती होती ती नेमकी रामेनसाठीच. गोमतीकाठच्या औषध संशोधन संस्थेत त्यांनी एकतीस वर्षं काढली, झाडपाल्यातल्या कडू द्रव्यांवर चांगलं नाव घेण्याजोगं काम केलं, पण ते काम समजणारी माणसं अख्ख्या लखनौत दहा, आणि मराठी मंडळात एकही नाही. मंडळातले लोक बँकांतले, विमा कंपनीतले, सरकारी कारखान्यातले, बदलीनं आलेले. त्यांना डॉक्टरांकडून एकच गोष्ट हवी असायची. गणपतीत आरती झाली, प्रसादाचे द्रोण हातात आले, की कुणीतरी म्हणायचंच, "डॉक्टर, ते जपानचं होऊन जाऊ द्या." डॉक्टर दोनदा नको म्हणायचे आणि तिसऱ्यांदा खुर्ची पुढे ओढायचे.

मग ते सांगायचे. चौऱ्याहत्तर ते शहात्तर, दोन वर्षं, टोकियोच्या उत्तरेला एका लहानशा गावातलं विद्यापीठ. राहायला माडीवरची एक खोली, आणि समोर, गल्लीच्या पलीकडे, एका म्हाताऱ्याचं सहा स्टुलांचं दुकान. म्हातारा रामेनच्या शेवया हातानं करायचा. हातानं म्हणजे कसं, तर एक जाडजूड बांबू, त्याचं एक टोक भिंतीतल्या कडीत अडकवलेलं, दुसऱ्या टोकावर हा एक पाय टाकून बसणार आणि बसल्या बसल्या उड्या मारत पीठ दाबणार. इथे डॉक्टर खुर्चीवर दोन उड्या मारून दाखवायचे. मुलं खिदळायची. मग तो वाफाळता वाडगा यायचा. हा हिंदुस्थानी माणूस मांस खात नाही हे ओळखून म्हातारा त्यांच्यासाठी मुद्दाम भाज्यांचं रामेन वेगळं करायचा, आणि डॉक्टर त्या शेवया सुर्र करून ओढायचे. तो सुर्र आवाज ते इतका बेमालूम काढायचे की हातातला शिरा लोकांना फिका वाटायला लागायचा.

यातलं गाव खरं होतं, माडी खरी होती, म्हातारा आणि त्याचा बांबू तर शंभर टक्के खरे होते. खोटं होतं ते फक्त खाणं. बोलाचाच भात नि बोलाचीच कढी. दोन वर्षं डॉक्टर आपल्या खोलीत भात शिजवून त्यावर घरून आलेलं मेतकूट घालून जेवले आणि खिडकीतून समोरचं दुकान बघत राहिले. सुरुवातीला एकदा ते त्या दुकानाच्या दारापर्यंत गेले होते. आतल्या सहाही जणांनी मान वळवून पाहिलं, डुकराच्या हाडांचा वास नाकात गेला, काय मागायचं ते जिभेवर येईना, आणि पीएचडी झालेला हा अडतीस वर्षांचा माणूस कमरेत वाकून नमस्कार करून उलट्या पावली परत फिरला. त्यानंतर म्हातारा रोज दाराशी पडदा वर करून 'ये' म्हणून हात करायचा, आणि डॉक्टर रोज पोटावर हात ठेवून 'भरलंय' म्हणून सांगायचे.

परत आल्यावर लोकांनी विचारलं, काय खायचात तिकडे? घाबरून दोन वर्षं मेतकूट भात खाल्ला असं सांगायला तोंड झालं नाही. एकदा खोटं बोलले, लोकांना आवडलं, आणि पुढे वीस वर्षं ते खोटं गणपतीबरोबर दरवर्षी मखरात बसत गेलं.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत ते अंगाशी आलं. डॉक्टरांची मुलगी मृणाल चारबाग स्टेशनजवळच्या एका बँकेत होती. लखनौतच वाढलेली, मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं हिंदीत. वसुधाबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, तिच्याशी मराठीतच बोलायचा नेम सोडला नव्हता आणि मृणालनं हिंदीतच उत्तर द्यायचा, त्यामुळे विकास नगरच्या त्या घरात रोज दोन भाषांचा सुखाचा संसार चालायचा. एका संध्याकाळी मृणाल पर्स खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "बाबा, स्टेशन के पास एक लड़के ने रामेन की दुकान खोली है. हाथ से बनाता है. मैंने कहा मेरे बाबा दो साल रोज़ यही खाते थे. वो तो पीछे ही पड़ गया, बोला एक बार ले आइए."

डॉक्टर छान छान म्हणाले आणि त्यांनी पेपर तोंडापुढे धरला. पुढचे दोन आठवडे त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. आधी गुडघा धरला. मग जन्मात उपास न केलेल्या या माणसानं पहिल्या रविवारी चतुर्थी काढली आणि पुढच्या रविवारी सोमवारच्या एकादशीची तयारी. वसुधाबाईंनी काही न बोलता दोन्ही वेळा साबुदाणा भिजवला. शेवटी तो मुलगाच स्कूटरवर बसून पत्ता शोधत विकास नगरला आला, डॉक्टरांच्या पाया पडला आणि हात जोडून उभा राहिला. आता पळवाट उरली नाही. रविवारी दुपारी तिघं चारबागला गेली.

मुलाचं नाव माणिक रस्तोगी. मुलगा म्हणायचं, पण होता पस्तिशीचा. जुन्या लखनौतल्या चौक भागातला. वडील चिकनकारीच्या कापडावर भरतकामाआधी नक्षीचे ठसे उठवायचे. एका व्यापाऱ्याबरोबर कापडं दाखवायला म्हणून माणिक ओसाकाला गेला, तिथे एका रामेनच्या दुकानात भांडी घासायला लागला आणि पाच वर्षं राहिला. परत आला तो हे वेड डोक्यात घेऊन. ट्रंकांचं दुकान आणि औषधांचं दुकान यांच्या मधल्या गाळ्यात त्यानं एक फळी ठोकली होती, फळीपुढे सहा स्टुलं, आणि दाराला वडिलांनी मासोळ्या छापून दिलेला निळा पडदा. येणारे प्रवासी आत डोकावून चाऊमीन मागायचे आणि लाल चटणीची बाटली कुठाय म्हणून विचारायचे. माणिक हसून समजावायचा. बहुतेक जण समजून न घेता पुढे जायचे.

स्टुलावर बसल्या बसल्या डॉक्टरांनी सहा मोजली. बरोबर सहाच होती.

माणिकनं शेगडीवरची पातेली हलवत हलवत आपली सगळी कथा सांगितली. रस्सा त्याला येत होता, पाच वर्षं त्यानं तेच केलं होतं. कोबी, कांदा, गाजर, आलं, वाळवलेली अळंबी, सगळं सकाळपासून मंद आचेवर. पण ओसाकाला शेवया कारखान्यातून ट्रेमध्ये यायच्या, त्यानं त्या कधी केल्याच नव्हत्या. इथे कारखाना नाही, म्हणून हातानं करायला लागला. तीन तऱ्हेची पिठं मळून झाली, कुठली खरी ते सांगणारं लखनौत कुणी नाही. आणि येत्या शनिवारी हायाशीबाई येणार होत्या. जपानी यात्रेकरूंचे गट बुद्धाच्या श्रावस्तीला नेणाऱ्या कंपनीच्या त्या मुख्य. गट चारबागला उतरतात आणि तिथून बसनं जातात. म्हातारी माणसं, बरीचशी शाकाहारी, इथलं तिखट त्यांना सोसत नाही. बाईंना रामेन पसंत पडलं तर ऑक्टोबरपासून प्रत्येक गटाचं एक जेवण माणिककडे. नाही पडलं तर गाळा सोडायचा आणि वडिलांशेजारी ठसे मारत बसायचं, कारण चाऊमीनवाल्यांच्या भरवशावर तो जेमतेम तग धरून होता.

त्यानं तीन वाडगे फळीवर ठेवले आणि डॉक्टरांसमोर उभा राहिला. "डॉक्टर साहब, झूठ मत बोलिएगा. आपने असली खाया है. शनिवार से पहले बस आप ही हैं."

डॉक्टरांनी जपानी जेवणाच्या दोन काड्यांनी शेवया उचलल्या. त्या काड्यांवरून तुटून परत रश्श्यात पडल्या. पुन्हा उचलल्या, तोंडात घातल्या. मऊ लागल्या, थोड्या चिकट. रस्सा चांगला लागला. असली कसं लागतं हे त्यांना कसं कळावं. आपल्याला काय वाटतं ते सांगून मोकळं व्हावं, तर पोरीचे डोळे कौतुकानं आपल्याकडे लागलेले. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हूबहू वही. बिल्कुल वही स्वाद."

माणिकच्या डोळ्यांत पाणी आलं. तो पुन्हा पाया पडला. म्हणाला, मला हे तिसरं पीठ बरोबर वाटत नव्हतं, उद्या चौथं मळून बघणार होतो, बरं झालं तुम्ही आलात, आता शनिवारी हेच. वसुधाबाईंनी अर्धा वाडगा तसाच ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. अन्न टाकणं हे त्यांच्या हातून सहसा होत नसे.

घरी येताना मृणाल ऑटोत बडबडत होती आणि डॉक्टर मनाशी हिशेब मांडत होते. आत्तापर्यंतच्या खोट्यानं कुणाचं वाकडं झालं नव्हतं. ऐकणारे हसले, जेवले, घरी गेले. हे खोटं निराळं होतं. एका कष्टाळू माणसानं विचार करणं थांबवलं होतं, का तर डॉक्टर खांबेट्यांनी सांगितलं म्हणून.

सोमवारी दुपारी वसुधाबाई अंगणातल्या उन्हात मटार सोलत बसल्या होत्या. डॉक्टर समोर येऊन बसले, एक शेंग हातात घेतली, आणि ती न सोलता सगळं सांगून टाकलं. तीस वर्षांचं लग्न, त्यात बोलायचं राहिलेलं हे एवढंच होतं. वसुधाबाईंचे हात थांबले नाहीत.

"अकरा डबे मेतकूट पाठवलं मी तुम्हाला पोस्टानं," त्या म्हणाल्या. "शिवाय दर पत्रात आणखी मागायचात. बाहेर जेवणाऱ्या माणसाला इतकं मेतकूट लागत नाही."

मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं त्यांनी विचारलं. त्यावर बाई म्हणाल्या की त्यात बोलण्यासारखं काय होतं, तुम्ही सांगताना एवढे खुशीत असायचात. एरवी घरात कधी एवढे बोलता?

मग डॉक्टरांनी राहिलेलंही सांगितलं, जे त्यांनी स्वतःलाही नीटसं कधी सांगितलं नव्हतं. निघायच्या दिवशी सकाळी म्हातारा जिना चढून वर आला होता. हातात झाकलेला वाडगा. दोन वर्षांत पहिल्यांदा आला होता तो. त्यानं वाडगा दिला, वाकून नमस्कार केला आणि खाली गेला. डॉक्टरांनी दार लावलं. डुकराचं असणार हे, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. झाकण काढून नीट बघितलंसुद्धा नाही, नाक धरून सगळं बेसिनमध्ये ओतलं. ओतल्यावर दिसलं. कोबी होता, मक्याचे दाणे होते, कांद्याची पात होती. मांसाचा एक तुकडा नव्हता. त्यांनी वाडगा घासला, पुसला, खाली जाऊन म्हाताऱ्याच्या हातात दिला आणि शिकून घेतलेल्या चार जपानी शब्दांतला एक म्हणाले, फार चविष्ट. म्हातारा इतका हसला की त्याचे डोळे मिटले.

"भाज्यांचं वेगळं करायचा हे मी मंडळात सांगतो ना, ते त्यानं खरंच केलं होतं," डॉक्टर म्हणाले. "मीच खाल्लं नाही."

वसुधाबाईंनी आता मात्र हातातली शेंग खाली ठेवली. मग त्या म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याची क्षमा आता कुठून मागणार. या मुलाला शनिवारच्या आत सांगा. मला सांगून काय उपयोग?" आणि थोड्या वेळानं, उठता उठता म्हणाल्या की त्या शेवया पिठूळ होत्या, पीठ सैल मळलंय, आणि मळून लगेच लाटलंय. हे सांगायला जपानला जावं लागत नाही.

त्या बोलण्यानं डॉक्टरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चव त्यांना माहीत नव्हती, पण त्या चवीच्या आधीचं सगळं माहीत होतं. रोज पहाटे साडेपाचला म्हाताऱ्याच्या दुकानात दिवा लागायचा आणि रोज साडेपाचला डॉक्टर खिडकीत चहा घेऊन उभे असायचे. आणि शास्त्रज्ञाला बघितलेलं लिहून ठेवायची खोड असते. प्रयोगशाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी ते सगळं टिपलं होतं, करमत नाही म्हणून. वही पलंगाखालच्या ट्रंकेत सापडली.

मंगळवारी ते एकटेच चारबागला गेले. माणिक पीठ मळत होता, तेच, हूबहू वालं. डॉक्टरांनी उभ्या उभ्याच सांगितलं की मी खोटं बोललो, मी रामेन कधीच खाल्लेलं नाही, परवा तुझ्याकडे खाल्लं ते पहिलं. माणिकला आधी ही थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा उतरला. "तो आपने हूबहू क्यों कहा?" त्यानं विचारलं. डॉक्टरांनी पिशवीतली वही बाहेर काढली. "इतवार से मैं यही आटा गूँध रहा हूँ," माणिक म्हणाला, पाठ फिरवली आणि घासलेली पातेली पुन्हा घासायला लागला.

जावं की थांबावं हे डॉक्टरांना कळेना. एकसष्टाव्या वर्षी एका परक्याच्या दुकानात खालमानेनं उभं राहायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी वही उघडून फळीवर ठेवली आणि कुणी ऐकतंय की नाही हे न बघता वाचायला सुरुवात केली. पाच पस्तीस, मापटंभर मैदा, पाणी जेमतेम दीड पळी. पीठ गोळा होत नाही, भुगाच राहतो. पाच पन्नास, बांबू. तीस दाब, घडी, पुन्हा तीस दाब, अशा आठ घड्या. सहा पंचवीस, ओल्या फडक्यात गुंडाळून लाकडी पेटीत. पेटीला दुसऱ्या पहाटेपर्यंत हात नाही. आज लाटतो ते कालचं पीठ. कापल्यावर शेवया मुठीत घेऊन चुरगाळतो, मग झटकतो.

पातेल्यांचा आवाज थांबला होता. "बाँस कितना मोटा?" माणिकनं विचारलं, पाठ तशीच ठेवून.

डॉक्टरांनी आपलं मनगट पुढे केलं. मग विचार करून दुसरं मनगट त्याला जोडलं.

बांसमंडीतून बांबू आला. ट्रंकवाल्याच्या कारागिरानं भिंतीत कडी ठोकून दिली. बुधवारी माणिक बांबूवर बसला आणि पहिल्याच उडीला खाली पडला, कारण वजन पायावर ठेवायचं की बांबूवर हे वहीत नव्हतं. डॉक्टरांनी डोळे मिटले, खिडकी आठवली, आणि धोतर नेसत असते तर काचा मारला असता अशा तयारीनं स्वतः बांबूवर चढले. मंडळात दरवर्षी मारून दाखवलेल्या उड्या कामाला आल्या. वसुधाबाईंना बोलावून घेतलं होतं. त्यांनी पिठाला नुसतं बोट लावलं आणि म्हणाल्या, हे तर पापडाचं पीठ, कुटायचं असतं तसं तू दाबतोयस, मग त्याला पापडाला घालतात तसा खार किती घातलायस ते दाखव. माणिकनं दाखवला. त्यांनी निम्मा काढून ठेवायला लावला. गुरुवारच्या शेवया कडक झाल्या. शुक्रवारच्या तुटल्या नाहीत.

माणिक या तीन दिवसांत डॉक्टरांशी कामापुरतंच बोलला. त्याचं बरोबर होतं, आणि डॉक्टरांनाही ते बरोबरच वाटत होतं.

शनिवारी बँक अर्धा दिवस. मृणाल दुपारी थेट दुकानात आली. तिला यातलं काही सांगितलेलं नव्हतं, बाबा माणिकला मदत करतायत एवढंच ठाऊक. तीन वाजता हायाशीबाई आल्या. साठीच्या, ठेंगण्या, डोक्याला सुती टोपी, हातात छत्री आणि एक वही. त्यांनी निळा पडदा बोटांनी चाचपून पाहिला, पातेल्यात डोकावल्या आणि बसल्या. रामेन समोर आल्यावर एकदा वास घेतला आणि कुणाकडेही न बघता खायला लागल्या. सुर्र आवाज झाला. तो आवाज डॉक्टर वीस वर्षं काढत होते त्याहून पुष्कळ मोठा होता.

शेवया सगळ्या संपल्या. रस्सा अर्धा उरला. तोडक्या इंग्रजीत बाई म्हणाल्या, मीठ थोडं जास्त आहे, म्हाताऱ्यांना कमी लागेल. शेवया मात्र खेड्यातल्यासारख्या आहेत, अशा हल्ली शहरात मिळत नाहीत. कुणी शिकवलं?

माणिकनं डॉक्टरांकडे बोट केलं. आणि मृणालला राहवलं नाही. तिनं अभिमानानं सांगून टाकलं की माझे वडील दोन वर्षं जपानमध्ये होते आणि रोज असंच रामेन खात होते, एक म्हातारे गृहस्थ त्यांच्यासाठी मुद्दाम भाज्यांचं करायचे.

हायाशीबाईंनी वही उघडली. आमचे यात्रेकरू नवं काही खायला घाबरतात, त्या म्हणाल्या, पण आपल्या देशात दोन वर्षं हेच खाल्लेला भारतीय विद्वान इथे आहे असं लिहिलं तर निर्धास्त येतील. मग त्यांनी डॉक्टरांकडे वळून अगदी गंभीरपणे विचारलं, त्या दुकानातली चव आणि ही चव एक आहे का?

माणिक खाली बघत होता. वसुधाबाई पातेल्याकडे बघत होत्या. एक हो म्हटलं की सगळ्यांचं भलं होतं. माणिकचं होतं, मृणालच्या बाबांचं होतं, कुणाचं काही बिघडत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरांनी तोंड उघडलं, आणि त्यांना बेसिनमधला कोबी दिसला.

"मला माहीत नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "मी तिथे कधी खाल्लं नाही. मी घाबरत होतो. फक्त खिडकीतून बघायचो." आणि मग मृणालकडे न बघता त्यांनी शेवटच्या सकाळचं सगळं सांगितलं, वाडगा, बेसिन, मक्याचे दाणे, आणि जाऊन सांगितलेलं ते फार चविष्ट. म्हणाले, रस्सा मांसाचा होता की नव्हता, हे मला आजवर कळलेलं नाही.

हायाशीबाईंनी पेन खाली ठेवलं. मग शब्द जुळवत हळू म्हणाल्या, "ज्यानं मांसाचा तुकडा वगळला, तो माणूस तसला रस्सा घालणार नाही. त्यानं निराळं पातेलं चढवलं असणार. आदल्या दिवसापासून. एका वाडग्यासाठी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

बाईंनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग माणिकला ऑक्टोबरातल्या दोन तारखा दिल्या. आधी दोन गट, मीठ कमी, त्यानंतर बघू. छत्री घेऊन त्या उठल्या, दाराशी वळून वाकल्या आणि गेल्या. माणिकनं तारखा भिंतीवर कोळशानं लिहिल्या. मग एक वाडगा भरला, त्यावर मक्याचे दाणे घातले आणि डॉक्टरांच्या पुढ्यात आणून ठेवला. या वेळी कसं झालंय ते त्यानं विचारलं नाही.

डॉक्टर नुसते वाफेकडे बघत बसले. मृणाल त्यांच्या शेजारच्या स्टुलावर होती. आता ती काय म्हणेल याची त्यांना हायाशीबाईंपेक्षाही जास्त धास्ती वाटत होती. तिनं काड्या उचलल्या, त्यांच्या हातात दिल्या, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी मराठीत बोलली.

"बाबा, गार होतंय. जेवा."

डॉक्टर जेवले. वाडगा रिकामा झाल्यावर त्यांनी त्यात थोडं पाणी घातलं, हलवलं आणि तेही पिऊन टाकलं.